साठ अंडी, दोनशे बॅटऱ्या

२ मे, गोंडपिपरी
शाळेला सुट्टी. लेकीने, दिव्यानीने, होस्टेलला परत जाताना कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला. परक्या ग्रहावर कारखाना उभारायचा, त्यासाठी वीज तयार करायची. वीस वर्षं विज्ञान शिकवतोय, त्यात जिल्हा चंद्रपूर. कोळशावर वीज मी नाही करणार तर कोण? चार दिवसांत संपवतो.
बायकोने, ज्योत्स्नाने, बचत गटाची अंडी उबवायची मशीन आज लावली. साठ गावरान अंडी, एकवीस दिवस. पिल्लं निघाली तर गट तिला मोठी मशीन देणार. तिचा सगळा जीव त्यातच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाका म्हणाली. उद्या.

४ मे
गेममधली वीज ठप्प. बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे यांत्रिक हात विजेवरच चालतात. वीज कमी झाली, हात मंदावले, कोळसा कमी, म्हणून वीज आणखी कमी. असला भिकार प्लॅन्ट कोण डिझाइन करतं? मीच केला होता, पण गेमने अडवायला नको?

५ मे, दुपारी २
लाईट गेली. कॉम्प्युटर बंद. वैताग. इन्व्हर्टरवर चालणारं सॉकेट घरात एकच. त्यात कसलातरी काळा पिन होता. काढला, कॉम्प्युटर लावला. याला म्हणतात प्लॅनिंग.

६ मे
ज्योत्स्ना सकाळपासून बोलत नाही. कारण नाही. मशीनवर टॉवेल टाकलाय. उघडू नका, काचेतून थर्मामीटर दिसतो तेवढा बघून वहीत लिहीत जा, एवढंच म्हणाली. शेवटी शास्त्रीय माणसाची गरज पडलीच. अकरा वाजता ३८. उत्तम.

१० मे
कोळशाची घाण सोडली. आता सोलर. दिवसा सूर्य, रात्रीसाठी बॅटऱ्या. चाळीस लावल्या, अर्ध्या रात्रीत संपल्या. अंधारात किडे आले, कारखाना कुरतडून गेले. शिसारी आली. दोनशे लावणार.
ज्योत्स्नाने पुन्हा पाण्याचं काढलं. इथे दोनशे बॅटऱ्यांचा प्रश्न, हिला एकीची पडली आहे.
मशीन ३८.५.

१५ मे
दुपारी तीन तास लाईट नव्हती. इन्व्हर्टर वीस मिनिटांत मेला. बॅटऱ्या विकणारे सगळे चोर. तरी मशीन ३९! पहिल्या दिवशी मशीनच्या डब्याचा थर्मोकोल मी दाबून बसवला होता, त्याचा परिणाम. ज्योत्स्नाला सांगितलं. तोंडाला पदर लावून आत गेली. भारावली असावी.

२१ मे
दोनशे झाल्या. परवा पिल्लं निघणार, गटातल्या बाया येणार. भाषण तयार आहे, विषय 'ऊर्जेची साठवण'.
ज्योत्स्ना दिवसातून चार वेळा शेजारी वच्छलाबाईकडे जाते, मशीन माझ्या भरवशावर टाकून. या बेफिकिरीचा वीट आला.

२३ मे
बाया आल्या. वही हातात घेऊन टॉवेल ओढला. आत फक्त थर्मामीटर.
ज्योत्स्ना म्हणाली, "मशीनचा पिन तुमीच काढला होता, पाच तारखेले. अंडी त्याच संध्याकाळी वच्छलाबाईच्या खुडूक कोंबड्याईखाली ठेवली मी. थर्मामीटर तं आपल्या घरातली गरमी दाखवून राह्यला."
मग वही कशाला लिहायला लावली, विचारलं.
"तुमी आणखी कशाले हात लावू नये म्हणून."
साठातून एकावन्न पिल्लं. सगळ्या तिकडेच बघायला गेल्या. मोठी मशीन ज्योत्स्नाला मिळाली. ठेवायची मात्र वच्छलाबाईच्या घरी, असं एकमताने ठरलं. भाषण राहिलं.

संध्याकाळी ५
घरात कोणी नाही. गेम लावला. दोनशे बॅटऱ्यांवर कारखाना पहिल्यांदाच रात्रभर चालला. एक किडा आला नाही. ज्योत्स्नाला दाखवायला शेजारी हाक मारणार, तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरने एकदा 'टीं' केलं आणि बंद. सेव्ह केलं नव्हतं.
बॅटरीचं झाकण उघडून बघितलं. आत ठणठणीत कोरडं.
थर्मामीटर ३९. लिहून ठेवलं.