राणी का पडली नाही

चिचटोला, केशोरीजवळ
महाशिवरात्रीनंतरचा बुधवार

ति. दुर्गाताईस,

खुमेंद्रचा नमस्कार. पाया थोडा दुरूनच पडतो आहे, कारण पत्र वाचून होईपर्यंत तू पाय मागे घेशील अशी मला भीती आहे. टीनाची आणि बाळाची तब्येत उत्तम असेल, भाऊजींना बंगळूरचं पाणी मानवलं असेल. आम्ही इकडे सुखरूप आहोत. (आधी "खुशाल" लिहिणार होतो, पण माझा उजवा गुडघा अजून सुजलेला आहे, म्हणून "सुखरूप".)

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू मधे बोलतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, आणि ही हकीकत मधे कोणी बोललं तर माझ्याच्यानं पुरी होणार नाही. शिवाय गेले सहा दिवस तू फोन केलास की मी "मामाजी झोपले आहेत" असं सांगतो आहे. शहात्तर वर्षांचा माणूस इतका झोपत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

टीनाच्या बाळंतपणासाठी जाताना तू मला बाबूजींबद्दल, म्हणजे माझ्या मामाजींबद्दल, एकोणीस सूचना लिहून दिल्या होत्यास. तंबाखू नको, तिखट नको, मीठ बेतानं, मऊ तळाचे पांढरे बूट घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल नको, वगैरे. त्यात "गोंदियाच्या बाहेर नेऊ नये" अशी सूचना नव्हती. मी दोनदा तपासलं. मामीजी गेल्यापासूनची तीन वर्षं मामाजी कसे आहेत हे तुला मी काय सांगू? तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघतात आणि दिवसभरात "हो", "नाही" आणि "पंखा कमी कर" याखेरीज काही बोलत नाहीत. आमच्याकडे आल्यावरही तेच. मागच्या गुरुवारी मात्र चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आज केशोरीचा बाजार असते." चेतनाच्या हातातलं लाटणं थांबलं. पंख्याचं सोडलं तर तीन वर्षांत त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. चेतना माझ्याकडे वळून म्हणाली, "बघत काय बसले? गाडी काढा ना!" (तेव्हा यातला पहिला दोष चेतनाचा आहे, हे नमूद करतो.)

गोरेगाव गेलं, कोहमारा गेलं, नवेगावबांध गेलं, आणि मामाजी खिडकीची काच खाली करून बोलू लागले. कोणत्या वळणावर कोणाची बैलगाडी उलटली होती, आजोबा बाजाराला निघताना दोन दिवसांची शिदोरी कशी बांधत, छत्तीसगडकडचे लोक मोहाची टोपली डोक्यावर घेऊन कोणत्या वाटेनं उतरत. अर्जुनी मागे पडली तेव्हा ते मला रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे पळस दाखवत होते आणि माझं लक्ष मात्र तुझ्या यादीतल्या सातव्या सूचनेवर होतं. (खिडकीची काच बंद ठेवणे.)

केशोरीला सध्या मिरचीचा हंगाम आहे. बाजारात शिरल्यावर आधी लालभडक ढीग दिसतात आणि मग काहीच दिसत नाही. कोणीतरी पोतं झटकलं आणि मला शिंका सुरू झाल्या. ताई, मी मोजल्या नाहीत, पण बाजूची बाई मोजत होती, ती सतरा म्हणाली. सतराव्या शिंकेनंतर डोळे पुसून पाहतो तो मामाजी नव्हते. मासळीची ओळ पाहिली, टोपल्या-सुपांची ओळ पाहिली, लोहाराकडे पाहिलं. मामाजींच्या छातीत दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते मला माहीत आहे, आणि दवाखान्याच्या दाराशी तुझा चेहरा कसा झाला होता तोही. एक माणूस गाडीवर भोंगा लावून उंदीर मारायचं औषध विकत होता. त्याच्या हाता-पाया पडलो. माणूस भला, पण त्यानं स्वतःची जाहिरात न थांबवता मधेच मामाजींना घातलं. घुशी, उंदीर, झुरळ, पांढरे बूट घातलेले उंच आजोबा, एका पुडीत खात्रीनं, असं सगळ्या बाजारानं ऐकलं. पाच मिनिटांत तीन आजोबा हजर झाले. एकही आपला नव्हता, पण त्यातल्या एकानं माझ्यासोबत गोंदियाला यायची तयारी दाखवली.

शेवटी गर्दी दिसली. चहाच्या टपरीसमोर लोकांचं कोंडाळं, आणि मधे मामाजी मिरचीच्या पोत्यावर बसून थरथरत ओरडत होते. समोरच्या पोत्यावर एक वाळका म्हातारा, हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगं.

"मेली काऊन नाही तू? सांग न, काऊन नाही मेली?" मामाजी त्या म्हाताऱ्याला विचारत होते.

मला वाटलं, मामाजींच्या डोक्याला ऊन लागलं. मग टपरीवाल्यानं मला समजावलं की हे टेकचंदभाऊ, आणि मला सगळं आठवलं. तुला आठवतं का बघ. मामाजी दंडारीत राजाचं काम करायचे. आपल्या भागातली ती दंडार, गद्य-पद्य, झांज-ढोलकीवाली, बायकांची कामंही पुरुषच करायचे. टेकचंदभाऊ राणी. एकतीस वर्षांपूर्वी याच केशोरीत प्रयोग होता. राणीनं विषाचा प्याला पिऊन कोसळायचं आणि राजानं तिच्या प्रेतावर लांबलचक विलाप करायचा. त्या विलापासाठी लोक वीस-वीस कोसांवरून येत. राणीनं प्याला घेतला, प्यायला, आणि कोसळलीच नाही. मामाजींनी तीनदा खूण केली. राणी उभी ती उभीच. जिवंत बायकोसमोर विलाप कसा करणार? लोक इतके हसले की मंडपाचा एक खांब हलला. मामाजींनी मुकुट तिथेच काढून ठेवला. पुन्हा दंडारीत उभे राहिले नाहीत आणि टेकचंदभाऊंशी बोलले नाहीत. आपली कीर्ती त्यानं जळफळाटानं धुळीला मिळवली, अशी त्यांची ठाम समजूत.

मी मधे पडलो. (तुझी पंधरावी सूचना: कोणत्याही वादात पडू देऊ नये.) टेकचंदभाऊ नेमके तेव्हाच काठी आपटून उठले, त्यांना दिसत कमी, काठी जमिनीवर न आपटता माझ्या गुडघ्यावर आपटली. मी खाली बसलो ते बसलोच, म्हणून पुढचं सगळं मला अगदी जवळून ऐकायला मिळालं.

"वहिनीनं शपथ घातली होती," टेकचंदभाऊ म्हणाले. "तुले सांगू नको म्हणे. आता वहिनीच नाही. कायले ठेवू शपथ?"

दंडारीचं राणीचं लुगडं त्या दिवशी उंदरांनी कुरतडलं होतं. प्रयोग रद्द होणार होता. मामाजींना हे कोणी सांगितलं नाही, कारण ते सकाळपासून विलाप घोकत होते. मामीजींनी सासूच्या नकळत ट्रंकेतून आपला लग्नातला शालू काढला आणि पडवीत टेकचंदभाऊंच्या हातात दिला. म्हणाल्या, भाऊ, खेळ बंद पडला तर हे महिनाभर जेवणार नाहीत. पण शालूला माती लागली तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत. तुम्ही मरा, पण पडू नका.

"उभ्या उभ्या कसा मरू, तूच सांग," टेकचंदभाऊ म्हणाले. "तेराव्याले आलो होतो तुझ्या दारापावत. तसाच वापस गेलो. हिंमत नाही झाली."

मामाजी पोत्यावरून पुढे वाकले. मग हळूच विचारलं, "जांभळा होता का?"

"जांभळाच. सोनेरी काठाचा."

"मी समोर होतो. मले ओळखू नाही आला," मामाजी म्हणाले.

ताई, मग ते उठले. पांढरे बूट काढून बाजूला ठेवले आणि अनवाणी उभे राहून, त्या मिरच्यांच्या ढिगांमधे, त्यांनी तो विलाप म्हटला. एकतीस वर्षं पोटात राहिलेला, सगळाच्या सगळा. मी काही जाणकार नाही. पण "राणी, या राज्यात आता माझ्यावर रागावणारं कोण उरलं" या ओळीला त्यांचा आवाज फुटला, आणि ते थांबले नाहीत, फुटक्या आवाजानंच पुढे गेले. मामीजी गेल्या तेव्हा ते रडले नव्हते, हे तू मला अनेकदा बोलून दाखवलं आहेस. आता तसं म्हणता येणार नाही. उंदराच्या औषधवाल्यानं भोंगा बंद केला होता. लोक डोळे पुसत होते. मीही पुसले, पण बाजारात मिरची फार होती.

त्यानंतर परत निघायला हवं होतं हे मान्य. टेकचंदभाऊंना घरी सोडून निघू, इतकंच ठरलं होतं. त्यांचं गाव, हे चिचटोला, गाढवी नदीच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्यांमधून वाट. वाट दाखवायला तेच पुढे बसले. त्यांना दोन पावलांपलीकडचं दिसत नाही, हे मला त्यांनी "डावीकडे घे" म्हटल्यावर आणि मी घेतल्यावर कळलं. पुढचं चाक पाटात गेलं. ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास लागले. मी चिखलात गुडघाभर (तोच गुडघा) उभा, आणि दोघं म्हातारे बांधावर बसून पहिल्या प्रवेशापासून दंडार आठवत होते. उन्हाळी धानाचं हिरवं अगदी क्षितिजापर्यंत, आणि त्यावर या दोघांची भांडणं. कोणाचं वाक्य आधी, यावर. टेकचंदभाऊंची सून उर्वशी जेवणाचं विचारायला आली आणि परत गेली, कारण राजाराणींना तिच्याकडे बघायला फुरसत नव्हती.

त्या दिवशी राहिलो. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बॅग ठेवली, मामाजींनी ती काढून आणली. तिसऱ्या दिवशी मी बॅग ठेवलीच नाही. इथल्या आरोग्य केंद्रातली सिस्टर एक दिवसाआड रक्तदाब बघते. ती म्हणते बरा आहे. गोळ्या मी स्वतः हातावर ठेवतो. तिखटाबद्दल मात्र विचारू नकोस, इथे तिखट नसलेला पदार्थ फक्त पाणी.

तुझा रागावण्याचा हक्क मला मान्य आहे. काय बोलायचं ते मला बोल, त्यांना बोलू नकोस. टीनाला आणि बाळाला आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार, आणि तुझी माझ्यावरची माया या पत्रानंतर जेवढी उरेल तेवढी मला पुरे.

तुझा आतेभाऊ,
खुमेंद्र

ता. क. मामाजी मुक्कामाला राहिलेत ते दंडारीसाठी, हे वर लिहायचं राहिलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चिचटोल्यात प्रयोग आहे. दुपारी, कारण उजेड गेल्यावर राणीला दिसत नाही. तू होळीनंतर परत येतेस ना? तेव्हा तुझ्या लोखंडी कपाटात वरच्या खणात मामीजींचा शालू आहे, तो घेऊन ये. हे मागायला मी सहा दिवस धजत नव्हतो. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. टेकचंदभाऊ म्हणतात, या खेपेला पडेन.

आणखी ता. क. दासीचं काम करायला गावात कोणी उरलं नाही. तरुण सगळे नागपूर-पुण्याला. मला गळ घालण्यात आली. नाइलाज झाला. चेतनाला कळवू नये.

(खालचं मामाजींनी स्वतः लिहिलं आहे. मी वाचलं नाही.)

दुर्गे, तुझा बाप लिहून राहिला. बाजारात मी हरवलो नव्हतो. मी एकाच जागी बसून होतो, खुमेंद्रच फिरून राहिला होता. दासीचं काम त्यानं सोताच मागितलं अना रोज आरशापुढं म्हणून पाहते. तू काळजी नको करू. मी जेवून राहिलो, बोलूनबी राहिलो. शालू आणजो. पण पाहाले म्हणून उकलू नको. ते घडी तुझ्या मायच्या हातची हाय. ते मी उकलीन.