दंडावरचा डाग

११ तारीख

ति. ताईस सा. न.

कोंडून ठेवलेल्या बहिणीचं पत्र आहे, आधी हसून घे. तीन तारखेला आमच्या शिवणशाळेच्या वसतिगृहात सगळ्यांना लस टोचली. मुलींना धीर यावा म्हणून वॉर्डनबाईंनी आधी स्वतःचा दंड पुढे केला. आठवडाभर काही नाही, आणि काल टोचलं तिथेच तळहाताएवढी लाली उठली. गरम लागते, खाज सुटते. बाईंनी ती पाहिली आणि मला वरच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं. डाग जाईपर्यंत सुटका नाही. मागे एकीने खरूज लपवली, अख्खं वसतिगृह खाजवत बसलं आणि ठपका बाईंवर आला. दुधाने तोंड पोळलंय त्यांचं.

चौदाला सकाळी दहाला कापड कापायची परीक्षा. ती हुकली की आणखी वर्षभर काजंच करत बसायचं. तू लस टोचणारी नर्स, काहीतरी लिही. दिवसातून दहादा चोळून धुते, तरी हा हलत नाही.

तुझी कैदी,
ठकू

१२ तारीख

चि. ठकूस पुष्कळ आशीर्वाद.

अगं शहाणे, चोळतेस कशाला? लशीनंतर आठवडा-दीड आठवड्याने काहींना असा डाग येतो. तो कुणाला लागत नाही, काही दिवसांत आपोआप जातो. गार पाण्याची घडी ठेव. ताप आला किंवा लाली वाढतच गेली तर डॉक्टरांना दाखव. हे पत्र बाईंना वाचायला दे, पण भांडू नकोस. रजा मिळत नाही, नाहीतर मीच येऊन कुलूप तोडलं असतं.

माया आहेच, काळजीही आहे. लगेच कळव.

ताई

१५ तारीख

ति. ताईस सा. न.

बहीण बहिणीच्याच बाजूने लिहिणार, असं म्हणून बाईंनी तुझं पत्र दाराखालून परत सरकवलं. काल सकाळी त्यांच्याच दंडावर तसाच डाग उठला. नियम तो नियम. किल्ल्यांच्या जुडग्यासकट शेजारच्या खोलीत गेल्या आणि आतून कडी घातली. मी भिंत बडवली, दहा वाजत आले म्हणून ओरडले. पलीकडे नुसती येरझार. खाली टेबलं सरकवल्याचा आवाज आला तेव्हा मी रडले, तुझ्यापासून काय लपवू.

दुपारी बाईंनी भिंतीवर टकटक करून पत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. कुणाला लागत नाही, हे वाक्य तीनदा वाचून घेतलं. मग येऊन माझं कुलूप काढलं. वरातीमागून घोडं. परीक्षा संपली होती, टेबलावरचा खडूही पुसून झाला होता. बाई दंड चोळत माफी मागत होत्या. मी त्यांना चोळू नका एवढंच सांगितलं.

माझ्या दंडावर तेव्हा काहीच नव्हतं. डाग कधी गेला, ते बघायचंच राहिलं.

काजं वाट बघतायत. आहे तसा लोभ राहू दे.

ठकू