चोवीस बिटांचे व्याही

सातारा, गुरुवार

तीर्थस्वरूप प्रमोदिनीमावशींना तुमच्या भाचीच्या नवऱ्याचा, म्हणजे मधुकरचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही सगळे शरीराने ठीक आहोत, बाकीचं पुढे येईलच. खरं तर फोनच करणार होतो. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता, आणि तुमच्या भिंतीला लागून सुमंतराव राहतात, ज्यांना (त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे) तंबोऱ्याच्या तारेभोवतीची हवासुद्धा ऐकू येते. म्हणून पत्र.

आमच्या अपूर्वासाठी सुमंतरावांच्या राजसचं स्थळ तुम्हीच सुचवलंत, तेव्हा रविवारी आम्ही घर बघायला सांगलीला आलो. (तुम्ही नेमक्या त्याच दिवशी पाचगणीला. असे योगायोग तुम्हालाच जमतात.) बैठकीत एखादा वजनदार माणूस असावा म्हणून वाटेत कुंडलला माझे शाळासोबती लालासाहेब यांना गाडीत घेतलं. सगळी नोकरी त्यांनी तोफखान्यात काढली, त्यामुळे त्यांच्याशी खाजगी बोलणं अख्ख्या गल्लीला कळतं.

माझी समजूत अशी, की घर बघायचं म्हणजे ओटा बघायचा, नळाला पाणी कधी येतं ते विचारायचं. सुमंतरावांनी आमच्या कंदी पेढ्यांचा पुडासुद्धा न सोडता आम्हाला थेट एका खोलीत नेलं. भिंतींना सतरंज्या, खिडक्यांना गोधडीएवढे जाड पडदे, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर यमनात मिसळते. महिना मे, गाव सांगली, तुमची भाची पैठणीत! स्पीकरची वायर एवढी जाड, की लालासाहेबांच्या उसाला पाणी देणाऱ्या मोटारीलाही तशी नाही. मधोमध एकच खुर्ची, न्हाव्याकडे असते तशी, आणि तिच्यात प्रत्येकाने पाळीपाळीने बसायचं. यमन दोनदा लागणार, एकदा साधा सीडीचा, एकदा चोवीस बिटांचा हाय-रिझोल्यूशन, म्हणजे सीडीहून बारीक रेकॉर्डिंगचा. कोणता कोणता ते ओळखायचं आणि वर आपला 'श्रवणानुभव' सांगायचा. पूर्वी मुलीला गायला लावायचे, आता मुलीच्या बापाला ऐकायला लावतात, एवढी समाजसुधारणा झालेली दिसते.

तुमच्या भाचीने घाम टिपत दोन्हींना "छान" म्हटलं आणि सुटली. लालासाहेब पहिल्या यमनात चक्क झोपले, दुसऱ्यात दचकून जागे झाले आणि गर्जले, "ह्यो दुसरा लय भारी हाय!" दुसराच चोवीस बिटांचा होता. सुमंतरावांचे डोळे पाणावले. असे कान जन्मात एखाद्याला मिळतात म्हणाले. (परतताना मी लालासाहेबांना खोदून विचारलं, तर म्हणतात, "आरं गड्या, दुसऱ्याच्या टायमाला च्या आला न्हवं का!")

मग माझी पाळी. मावशी, मला दोन्ही यमन एकाच पातेल्यातलं वरण दोन वाट्यांत वाढावं तसे वाटले. राजस बिचारा बापाच्या मागे उभा राहून मला दोन बोटं दाखवत होता. मला वाटलं, साखर किती चमचे ते विचारतोय, म्हणून मी मानेनेच नको म्हटलं. आणि सुमंतरावांना म्हणालो, फरक काही कळला नाही बुवा. सीडीत मावत नाहीत ते वरचे बारीक आवाज फक्त वटवाघळांना ऐकू येतात म्हणतात, ते खरं का? मी हे निव्वळ कुतूहलाने विचारलं. (तुमच्या भाचीच्या मते खवचटपणे.) सुमंतरावांनी उठून पंखा लावला आणि म्हणाले, "बघू. कळवतो." इतकी लग्नं जुळवलेल्या तुम्हाला 'कळवतो'चा अर्थ मी काय सांगणार?

तेव्हापासून अपूर्वा माझ्याशी बोलत नाही. जेवते, ऑफिसला जाते, पण माझ्याकडे बघत नाही. राजस तिला मनापासून आवडलाय, आणि ती दोन बोटं आठवली की मलाही आवडतो. पोरीचं हे गप्प राहणं मला सोसत नाही. पण म्हणून जे ऐकू आलं नाही ते आलं, असं मी म्हणणार नाही. समोर व्याही असो नाहीतर ब्रह्मदेव, तत्त्व म्हणजे तत्त्व, हे तुम्हाला ठणकावून कळवतो.

तुमचा आज्ञाधारक (तत्त्वाचा प्रश्न सोडून),
मधुकर

ता. क. पत्र मिळालं की सहज म्हणून सुमंतरावांकडे जा आणि सांगा, मधुकरला घरी गेल्यापासून राहून राहून जाणवतंय, की पहिल्या यमनात तबला शेजारच्या खोलीत होता आणि दुसऱ्यात अगदी पुढ्यात. हवासुद्धा होती म्हणावं. भरपूर होती.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात अपूर्वा बोलली. "बाबा, कान तपासून घ्या," एवढंच. घेतले. डॉक्टर म्हणाले, साठी जवळ आली की वरचे बारीक आवाज सगळ्यांचेच जातात, त्यात विशेष काही नाही. सुमंतराव माझ्याहून चांगले सहा वर्षांनी थोरले. पण हे त्यांच्या कानावर घालू नका, लग्नाआधी नको आणि नंतरही नको. ती खोली त्यांनी राजसची आई गेल्यावर केली, हे मला आज अपूर्वाकडून कळलं. संध्याकाळ तिथे बरी जाते म्हणे. त्यांना ऐकू येतंय, तर येऊ दे.