चोवीस पडदे

सर, आज आईनं मला वीणेला हात लावू दिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. आमच्या घरात बोलणं मराठी असलं तरी ही देवनागरी अक्षरं दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी तेव्हा नववीत होते आणि तुमच्या विषयात कशीबशी पास होत होते. दहावीनंतर गणिताचं तोंड पाहायचं नाही हे मी ठरवून टाकलं होतं, अप्पांनीही मान डोलावली होती. "हिला कणक्कु येत नाही," असं आमच्याकडे माझ्या गणिताबद्दल म्हणायचे, हिचं नाक अप्पांवर गेलंय म्हणावं इतक्या सहज. त्या नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडायच्या गडबडीत मी आईची वीणा पुसून गच्चीवर उन्हात ठेवली आणि विसरले. तंजावूरचं ऊन ते! सुरांच्या पडद्यांखालचं काळं मेण पघळलं आणि चोवीसच्या चोवीस पितळी पडदे जागेवरून घसरले. घाबरून मी मेणबत्ती आणि स्केल घेऊन बसले आणि सगळे पडदे अगदी सारख्या अंतरावर चिकटवून टाकले. दिसायला काय देखणे दिसत होते! संध्याकाळी आळीतल्या बायका जमल्या, चण्याचं सुंडल वाटून झालं, आईनं वीणा मांडीवर घेतली आणि दुसऱ्याच सुराला थांबली. सगळ्यांदेखत मला म्हणाली, "आजपासून हिला हात लावलीस तर पाहा." तुम्ही शेजारचे म्हणून आला होता, दाराशी द्रोण घेऊन बसला होता, आणि एकटे तुम्हीच हसलात. मला तुमचा असा काही राग आला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी वेष्टी सावरत तुम्ही हजर. "स्केल आण गे. कालचीच आण." आता शाळेतही अब्रू जाणार, असं मला वाटतं आहे. तुम्ही आईला विचारून वीणा पुढ्यात घेता, मोकळी तार छेडता. "हाच सूर, पण वरचा. शोध." मी चाचपडत बोट सरकवते आणि एका जागी तो सापडतो. "आता मोज." बरोबर निम्मी तार! माझा बारावा पडदा त्याच्या कितीतरी अलीकडेच बसलेला. मग पंचम, तारेच्या दोन तृतीयांशावर. मध्यम, तीन चतुर्थांशावर. ज्या अपूर्णांकांनी मला वर्षानुवर्षं रडवलं, ते माझ्यासमोर गात होते, सर. "तू दर वेळी सारखंच अंतर सोडलीस," तुम्ही म्हणालात, "तार तसं ऐकत नाही गे. दर वेळी जेवढी उरली, तिच्यातला सारखाच हिस्सा सोड."  इतकी वर्षं फळ्यावर मेलेलं पडलेलं काहीतरी उठून बसलं होतं.

आठवडाभर मी वहीत आकडे मांडत होते, कुणी सांगितलेलं नसताना. शनिवारी आपण वीणा घेऊन त्या म्हाताऱ्या आसारींच्या कारखान्यात गेलो. जन्मभर वीणा घडवलेला माणूस, पडदे बसवायला त्यांनी कधी पट्टी वापरली नव्हती. माझ्या कागदाकडे बघून ते खो खो हसले. पण माझ्या खुणांवर पडदे बसवू दिले, मग डोळे मिटून एकेक वाजवून पाहिला. तीन पडदे केसभर हलवले आणि म्हणाले, "पाप्पा, कणक्कु सरि." पोरी, हिशोब बरोबर आहे! परतताना तुम्ही भेटेल त्याला थांबवून सांगत होता, "चोवीसात एकवीस!" मी लाजेनं मेले होते आणि आतून नुसती नाचत होते. अकरावीला मी गणितच घेतलं. आज तेच शिकवते, आणि "मला कणक्कु येत नाही" म्हणणाऱ्या पोरीला पहिल्या बाकावर बसवते.

तुमच्यादेखत हात लागला तेवढाच, आईची बंदी मात्र कधी उठली नाही. मेण सैल झालं की आसारींना बोलवायचं, मी लांबून बघायचं. आता आसारीही नाहीत. आज सकाळी आईनं स्वतः हाक मारली, "अस्के पडदे हलताहेत गे. तूच बसव." दुपारपर्यंत मी सगळेच्या सगळे बसवले. तिची बोटं आता आखडली आहेत, तरी त्या नवरात्रात अर्धवट सोडलेलंच तिनं वाजवायला घेतलं, दुसरा सूर ओलांडून पुढे गेली आणि शेवटपर्यंत वाजवलं. मग म्हणाली, "बरं बसवलीस." सर, चोवीसात चोवीस!

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच कबूल करते. सहावा पडदा हिशोबाच्या खुणेवर गात नव्हता. खूण तीनदा तपासली, तीनदा तीच आली. शेवटी डोळे मिटले आणि तो केसभर खाली सरकवला. वर्गात हे मी कुणाला सांगणार नाही.