टाके सोडणारी मशीन

दिघोरी, ता. ३० सप्टेंबर १९७९

स्वस्ति श्रीमत् दिघोरीग्रामभूषण, शब्दरूपपारंगत, नववी-अ-वर्गत्रासक, शालेयघंटानिरीक्षक, पंचक्रोशीतील एकमेव, आणि म्हणूनच अद्वितीय, संस्कृताध्यापक, लघुवादधुरंधर कृष्णराव यांजकडून

प्रिय धुरपते,

पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो आहे तीही कोर्टाच्या निमित्ताने, हे माझ्या स्वभावाला साजेसेच आहे.

गतवर्षी दिवाळीला तुझ्या आईने भंडाऱ्याच्या तेजरामांच्या दुकानातून शिवणयंत्र आणले. आठ दिवस ते एकनिष्ठ राहिले. नवव्या दिवसापासून चार अंगुळे शिवण, दोन अंगुळे वैराग्य. तेजरामांचे म्हणणे, मशीन निर्दोष आहे, बाईंच्या पायालाच लय नाही. त्या पायाचा हा उपमर्द मला असह्य झाला. लहानसहान तक्रारींसाठी लघुवाद नावाची सोय कायद्यात आहे, तिचा आश्रय घेतला. पावती तिच्या नावाची, म्हणून वादी ती. भाषा माझी, म्हणून वादपत्र अकरा पानी. जो वाद कोर्टाच्या एका तारखेत, एका पेशीत मिटावा, तो माझ्या समासांपायी तीन पेश्या चालला.

मे महिन्यात तिची साक्ष झाली. सदोष शिवणीचा नमुना म्हणून तिने दिलेले कापड मी घडीसकट वादपत्राला टाचले होते; ती घडी उलगडून पाहण्याचे कष्ट या विद्वानाने घेतले नव्हते. न्यायाधीशांनी ती उलगडली. आत वीतभर झबले होते. त्यांनी दोष काय म्हणून विचारले. तुझी आई म्हणाली, "साहेब, हे मशीन टाके सोडते. दोरा निंगते अन् लेकराच्या आंगाले रुतते." लेकरू कोणाचे, असे त्यांनी सहज विचारले. तिने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले. "आहे एक. अजून आमच्या घरी नाही आलं."

मातामहपदी माझी नियुक्ती झाल्याची वार्ता मला अशी त्या झबल्याने, कोर्टाच्या निशाणी क्रमांक चारने दिली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीतून धानाच्या कोरड्या बांध्या मोजत होतो.

धुरपते, एकोणीस जुलैला, ऐन रोवणीत, तुझी आई गेली. कावीळ झाली होती. दहा दिवसांत सारे संपले. तिने दोनदा तुझे नाव घेतले. मी तारेचा मजकूर लिहिला, मग त्याची भाषा सुधारत बसलो. संबोधन कोणते योग्य, क्रियापद कोठे हवे. मजकूर निर्दोष झाला तेव्हा तो पाठवण्याचे प्रयोजन उरले नव्हते. खरे कारण भाषा नव्हतेच. तू ज्याच्याशी लग्न केलेस त्या गुलाबच्या घरी बुद्धवंदना होते, एवढ्या एका कारणासाठी मी माझे दार लावून घेतले होते; तार गेली असती तर ते उघडावे लागले असते.

तुझी पोस्टकार्डे शेजारच्या बेबीबाईंच्या पत्त्यावर येत, हे मला नंतर कळले. मशीनच्या खणात अकरा सापडली. जुलैनंतरची दोन बेबीबाईंनी आणून माझ्यापुढे ठेवली, कारण त्यांना वाचता येत नाही. मला येते. दोन्हींत एकच प्रश्न होता: आई, तू चिठ्ठी काहून नाही लिहित?

वादी मृत झाल्यास नव्वद दिवसांत वारस नोंदवावे लागतात, अन्यथा दावा आपोआप संपतो. परवा कोर्टाच्या कारकुनाने विचारले, मयत वादीचे वारस कोण? मी म्हणालो, पती, कृष्णराव. त्याने लिहून घेतले आणि विचारले, आणखी? हा प्रश्न मला गावात अनेकांनी केला आहे, आणि प्रत्येकाला मी 'कोणी नाही' असे अस्खलित उत्तर दिले आहे. येथे खाली शपथेवर सही करायची होती. मी म्हणालो, "लिहा. मुलगी, धुरपता." मग त्याने नियम सांगितला: मुलीने सही केली तर ती वादी, माझ्या शेजारी, न केली तर तिला प्रतिवादी दाखवावे लागते, तेजरामांच्या रांगेत. पाच वर्षे मी तुला त्याच रांगेत उभे केले होते, तेही कोणत्याही कोर्टाच्या हुकमावाचून. सोबत अर्ज आहे. फुली केलेल्या जागी सही कर. पेशी बारा ऑक्टोबरला, सकाळी अकरा वाजता. अर्ज जबलपूरहून टपालाने आला तरी कायद्याचे काही अडत नाही. माझे अडते. गुलाबलाही रजा मिळाली तर बरे. लेकराचे नाव अर्जात विचारलेले नाही. ते मी विचारतो आहे.

तुझाच,
बाबा

ता. क. झबले न्यायाधीशांनी परत दिले. टाचणी मीच लावली होती, शाळेतली, गंजकी. गळ्याशी तांबूस डाग पडला आहे. लिंबू चोळले, मीठ चोळले. बेबीबाईंच्या सांगण्यावरून दही लावून उन्हात ठेवले, तर ते बकरीने ओढून नेले. धावपळ करून सोडवले. डाग जसाच्या तसा आहे, आणि लेकराला हे झबले आता बसते की नाही, तेही येथे कोणी सांगू शकत नाही.