शेत क्रमांक ११७

मंगळवार, ३ मे १९८३

सकाळी दहाची बस पकडली. दुपारी एकला विंटरकॉटला पोहोचले. चर्चचं दप्तर सांभाळणाऱ्या मिसेस बेडोज किल्ली घेऊन थांब्यावर उभ्या होत्या. घर लहान पण स्वच्छ आहे. खाली स्वयंपाकघर, वर एकच खोली. उंबऱ्यावर कुणीतरी सहा अंडी आणि मुरांब्याची बाटली ठेवून गेलं होतं. बरं वाटलं.

काम दोन आठवड्यांचं आहे. गावसभेला जुन्या शेतांची नावं आणि बांध एका नव्या नकाशावर हवे आहेत. नावं ठाऊक असलेले म्हातारे आता चारपाचच उरलेत. मी तीस वर्षं नकाशे गिरवले आहेत, जमेल. जानेवारीत आई गेल्यापासून हातात पेन धरलं नव्हतं.

रात्री खालच्या कोचावरच अंथरूण घातलं. जिना अरुंद आहे.

मेव्हिस टलीचं पत्र बॅगेच्या तळाशी आहे. अजून फोडलेलं नाही.

बुधवार, ४ मे

चर्चच्या पेटीतून मिसेस बेडोजनी १८४१ चा नकाशा काढून दिला. चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा ठरवण्यासाठी तो केला होता. सोबत यादी आहे: शेताचा क्रमांक, नाव, कसणाऱ्याचं नाव. शाई तपकिरी झाली आहे, पण अक्षर सुरेख. दिवसभर गिरवलं. उपाशी टेकडी. फुकटची मेहनत. सासूचा एकर. इथली माणसं नावं ठेवताना कुणाची भीड ठेवत नसत.

दुपारी ईनॉक प्रीस फाटकावर भेटले. वय चौऱ्याऐंशी. मी चोपन्न वर्षांची, पण मला पोरी म्हणतात. म्हणाले, पोरी, कागदावर शेतं शोधतेस होय? मग चिखल तुझ्या बुटांना कसा लागायचा? त्यांच्याबरोबर तीन बांध चालले. ‘फुकटची मेहनत’ या शेतात त्यांच्या आजोबांनी चाळीस वर्षं दगड वेचले. म्हणाले, अजून ये की, उरलेत बरेच.

माझ्या गल्लीलगतची ११२ ते ११७ ही शेतं राहिली आहेत. ११७ म्हणजे हे घर आणि मागची बाग. यादीत त्याच्यापुढे शेताचं नाव आणि कसणाऱ्याचं नाव, दोन्ही जागा कोऱ्या आहेत.

शुक्रवार, ६ मे

११२ चं नाव ‘पहिली घंटा’. मिसेस बेडोज म्हणाल्या, त्यात काय, ज्या शेताच्या खंडातून चर्चच्या घंटेचा दोर घेत त्याला असलंच नाव देतात. मला ते पटलं.

११३ ‘दुसरी घंटा’.

११४ वर बोट ठेवून त्यांनी मोठ्यानं वाचलं, ‘चहा आधी’! आणि हसत सुटल्या. अगंबाई, कोण ही आळशी?

प्रीस बाहेर बाकावर बसले होते, त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेली गोष्ट. आई वर अंथरुणात घंटा वाजवतेय आणि लेक खाली चहा पितेय. म्हणाले, अशा लेकीपेक्षा मांजर पाळलेलं बरं, निदान वर जाऊन बघतं तरी.

मीही हसले. हसावं लागलं.

इथे खरं लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. बारा जानेवारीला दुपारी अडीचला आईनं घंटा वाजवली. ती दिवसातून तीस वेळा वाजवायची. उशी, पडदा, किती वाजले. मी नुकताच चहा ओतला होता. म्हटलं, पिऊन जाते. तिनं दुसऱ्यांदा वाजवली. तिसऱ्यांदा वाजली नाही. मी कप संपवला, धुतला आणि वर न जाताच मागच्या दारानं पोस्टात गेले. आईला सांभाळायला येणारी मेव्हिस तीनला येणार होती. बस चुकल्यामुळे ती साडेतीनला आली. आई जमिनीवर होती. मी डॉक्टरांना सांगितलं, तीनला निघताना वर जाऊन पाहिलं, आई ठीक होती. मग तो अर्धा तास मेव्हिसच्या नावावर गेला. तिचं काम सुटलं.

घंटा मी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकली.

रविवार, ८ मे

आज शीवफेरी होती. सगळं गाव पाद्रीबाबांच्या मागून काठ्या घेऊन गावाची शीव चालतं, प्रत्येक दगडावर काठी मारतं. शेवटच्या दगडाची रीत मला प्रीसनी समजावली. वर्षात कुणी बांध सरकवला असेल तर त्यानं दगडावर हात ठेवून सांगायचं, किती पावलं आणि कुणाच्या रानात. कुणी काही बोलत नाही. दगड जागेवर ठेवतात, बिअर पितात, संपलं. आणि नाही सांगितलं तर, मी विचारलं. तर दगड सांगतो, ते म्हणाले, पण तो त्याच्या सवडीनं सांगतो, पोरी.

सगळ्यांनी हात ठेवले, मीही ठेवला. मी अर्धा तास सरकवला आहे, मेव्हिसच्या रानात. एवढंच म्हणायचं होतं. सगळे थांबले होते. मी म्हटलं, किती गार आहे दगड.

मला अंग चोरून चालावंसं वाटत होतं.

सोमवार, ९ मे

११५ ‘ढापलेला अर्धा तास’.
११६ ‘टलीच्या माथी’.

शुक्रवारी ही पानं मी पाहिली नव्हती असं स्वतःला सांगतेय. पाहिली होती. तिथे ‘मोठं कुरण’ आणि ‘धाकटं कुरण’ होतं. माझ्या गिरवलेल्या कागदावर आता हीच नवी नावं आहेत, माझ्याच अक्षरात. मिसेस बेडोजना विचारलं. म्हणाल्या, कायमची हीच नावं आहेत, शाळेत पाठ करून घ्यायचे. टली कोण होती ते मात्र कुणाला ठाऊक नाही. बिचारी, म्हणाल्या.

नावं गल्लीनं इकडेच येताहेत. आता एकच शेत उरलं.

अडीचला वर घंटा वाजली.

मंगळवार, १० मे

वर जाऊन आले – सकाळी, उजेडात. पलंग, खुर्ची. घंटा नाही.

मेव्हिसचं पत्र फोडलं. शिव्या असतील असं वाटलं होतं. चारच ओळी. काम कुठे मिळत नाही. तक्रार नाही. एकच विचारायचं आहे, मिस गॅरट, तुम्ही निघालात तेव्हा तुमच्या आई खरंच ठीक होत्या ना? मला झोप लागत नाही.

अडीचला पुन्हा. दोनदा. आईची ती घाई – मी ओळखते. मी बागेत जाऊन उभी राहिले. ११७ मध्येच.

बुधवार, ११ मे

यादीत ११७ पुढे कसणाऱ्याचं नाव आलंय. हिल्डा गॅरट. तीच तपकिरी शाई.

शेताचं नाव अजून कोरं –

म्हणजे अजून ठरलेलं नाही. म्हणजे वेळ आहे. प्रीसना सांगायला गेले, फाटकापर्यंत. म्हटलं, एक सांगायचंय. ते म्हणाले, सांग की. मी हवेबद्दल बोलले.

‘प्रिय मेव्हिस’ एवढं लिहिलं.

गुरुवार, १२ मे

पत्र आज पुरं करायचं. आणि घंटा वाजली की वर जायचं. दोन्ही. नक्की.

दोन ओळी झाल्या. आई ठीक नव्हती, मेव्हिस, मी वर गेलेच नव्हते – इथवर. सही राहिली.

अडीच. वाजतेय. एकदा.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वर काहीतरी जमिनीवर सरकलं –

दुसऱ्यांदा. हळू.

जाते. किटली शिट्टी देतेय. एक कप ओतून घेते, दोनच घोट, मग लगेच