त्या दिवशी कोण जेवलं नाही

बाई,

काल माझ्या नातीने तुमच्या नकाशात चूक काढली. नववीत आहे, बोलायला लागली की निम्मं मराठी, निम्मं हिंदी. भिंतीवरच्या आफ्रिकेवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, ये तो गलत है. सगळे देश पिवळे केलेत आणि अल्जीरिया अजून हिरवाच? वो तो कब का आज़ाद हो गया." मी म्हटलं, चूक नाही ती, माझं एक उत्तर द्यायचं राहिलंय. कोणाला, तिने विचारलं. मला ऐंशी पार केल्यावरही सांगायला लाज वाटली. पण मनाशी ठरवलं की आता पुरे, उद्या हा तुकडा लावायचाच. आणि लावायचा तर तुमच्या नियमाने, आधी उभं राहून उत्तर देऊन. गुडघे उभं राहू देत नाहीत, म्हणून हे कागदावर.

गोरखीच्या आपल्या शाळेत तो कापडी नकाशा संस्थानच्या काळापासून टांगलेला होता. इंग्रजांचं ते गुलाबी, फ्रेंचांचं ते हिरवं. नवा मागवा म्हणून मुख्याध्यापिकांनी किती अर्ज केले असतील! शेवटी तुम्हीच वर्गात म्हणालात, देश बदलायचे थांबणार नाहीत आणि सरकार काही नकाशा पाठवणार नाही, तेव्हा आपणच बदलू. निम्म्या मुली तुम्हाला बाई म्हणत, निम्म्या बहनजी, आणि तुम्ही सगळ्याजणींना सारखंच रागवत होतात. साध्या कागदावर तेलाचं बोट फिरवून तो पारदर्शक करायचा, त्यावर देशाची हद्द काढायची, मग पतंगाच्या पिवळ्या कागदातून तो आकार कापायचा आणि मैद्याच्या खळीने चिकटवायचा. पण चिकटवण्याआधी त्या मुलीने दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. तिथले लोक पाणी कुठून आणतात, आणि त्यांच्या चुलीवर काय शिजतं? हे ठाऊक नसेल तर त्या देशाला हात लावायचा नाही. फ्रेंचांनी पाँडिचेरी सोडली तेव्हा पाळी माझी आली. जगाच्या नकाशावर पाँडिचेरी ती केवढी, तिळाएवढी! केसातल्या आकड्याच्या टोकावर तो पिवळा तीळ धरून मी उभी राहिले, आणि पाणी कुठून आणतात म्हणताच सांगून टाकलं, समुद्रातून. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. समुद्राचं पाणी तू पिऊन दाखव, म्हणालात, आणि रविवारी मला टांग्यात घालून मुरारला घेऊन गेलात.

मुरारच्या छावणीत पाँडिचेरीकडच्या एका हवालदाराची बायको राहत होती. अजून दिसते ती मला, दारात बसून चिंच निवडते आहे आणि छावणीत शिकलेल्या हिंदीत सावकाश उत्तरं देते आहे. पाणी विहिरीचं, गोडं. शिजतं ते भात, सांबार आणि सुके मासे. झालं की, मी उठायला निघाले. तुम्ही मात्र बसूनच होतात. फ्रेंचांचा झेंडा उतरला तेव्हा तुमच्या घरी काय झालं, असं तुम्ही तिला विचारलंत. तिने चिंच बाजूला सारली. मग म्हणाली, "बहनजी, मेरा जेठ फ्रांस की फ़ौज में था. उस दिन उसने खाना नहीं खाया. और मेरी ननद ने पूरी गली में मिठाई बाँटी. एक ही घर में." दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन प्रश्नांखाली तिसरा लिहिलेला होता. त्या दिवशी कोण जेवलं नाही?

त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, आपलं मध्य भारत राज्यच संपलं. राजधानी भोपाळला गेली आणि सचिवालयाबरोबर माझ्या वडिलांची कारकुनीही. तुम्ही वर्गात आलात आणि म्हणालात की आज काही चिकटवायचं नाही, जगाच्या नकाशावर आपण तिळाएवढेही नाही, पण प्रश्न आपल्यालाही लागू. पाणी तेच, तिघऱ्याच्या धरणाचं. चूल तीच. तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात वर करीना. मी केला. म्हटलं, माझे वडील, बदलीचा हुकूम आला त्या दिवशी ते ताटावरून तसेच उठले. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. मॅट्रिकला थोडे महिने राहिलेत, परेशान नको होऊ, माझ्याकडे राहा. दिवाळीनंतर आई-वडील सामान घेऊन भोपाळला गेले आणि मी माझी ट्रंक घेऊन कंपू भागातल्या तुमच्या दोन खोल्यांत आले. काही महिन्यांसाठी आलेली मी सहा वर्षं राहिले.

तुमच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा खळ करायला बसते आणि तिच्यात गुठळ्या होतात. तुम्ही पातेलं माझ्या हातातून काढून घेता, ढवळता ढवळता सहज सांगता, "संस्थान विलीन झालं त्या दिवशी आमचे सासरे जेवले नाहीत. दरबारच्या दफ्तरात जन्म गेला त्यांचा. ते जेवले नाहीत म्हणून घरात कोणी जेवलं नाही. मी मात्र कोठीच्या खोलीत उभ्याउभ्या गूळ-पोळी खाल्ली. पुढच्याच महिन्यात शाळेत अर्ज दिला." मी हसते. विधवा सुनेला उंबरा ओलांडू न देणारा म्हातारा, बरी जिरली, असंच काहीतरी माझ्या तोंडून जातं. तुमचा हात थांबतो. "मला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं, हे तू विचारलं नाहीस." एवढंच. मी तुमची बोलणी पुष्कळ खाल्ली, पण हे बोलणं सगळ्यांत हळू होतं आणि तेच सगळ्यांत जास्त लागलं.

लागलं, पण कळलं नाही. कळलं असतं तर बासष्टचा तो दिवस आला नसता. अल्जीरिया सुटला, आणि तुम्ही तो माझ्यासाठी राखून ठेवला होता. मी एमएची विद्यार्थिनी, फ्रेंच शिकत होते, आठ वर्षांच्या त्या लढाईचं कात्रण अन् कात्रण माझ्या वहीत होतं. शाळेच्या रिकाम्या वर्गात मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि स्वातंत्र्यावर असं काही भाषण ठोकलं की सभा असती तर टाळ्या पडल्या असत्या. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, कोण जेवलं नाही? मी म्हटलं, "गोरे. शंभर वर्षं दुसऱ्याच्या ताटात जेवले, एक दिवस उपाशी राहिले तर काय बिघडलं?" तुम्ही म्हणालात, "बिघडलं काहीच नाही. जाणार होते, गेले, चांगलं झालं. पण तुला त्यांच्यातलं एकही माणूस दिसत नाही. आणि जे जिंकले म्हणतेस, त्यांच्यातलं तरी कुठे दिसतंय?" मग माझ्या हातातला पिवळा तुकडा घेऊन पाकिटात घातलात आणि पाकीट माझ्या हातात दिलंत. "दिसेल तेव्हा लाव." मी त्याच आठवड्यात दिल्लीला निघून गेले. वाकून नमस्कारही केला नाही. तुम्ही दारात उभ्या होतात, हे मी टांग्यातून पाहिलं आणि मान फिरवली.

पुढे शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. सहाव्या मजल्यावर छपराखाली खोली, नळ बाहेर जिन्यापाशी, चार खोल्यांत मिळून एक. पाणी कुठून आणतात याचं उत्तर असं मलाच मिळालं. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, अल्जीरियातल्या ओराँ शहरची. तिथेच जन्मलेली, तिथेच नवरा पुरलेला, आणि बासष्टच्या उन्हाळ्यात दोन सुटकेसी घेऊन ज्या देशात कधी राहिली नव्हती त्या 'आपल्या' देशात आलेली. जिना झाडायला येणारा माणूसही अल्जीरियाचा. शहराच्या कडेला पत्र्याच्या वस्तीत राहायचा. एकदा त्याच्या बायकोकडे गेले तर चिखलातून वाट काढत बायका एका नळापाशी रांगेत उभ्या, आणि मागे सरकारने बांधलेल्या नव्या कोऱ्या दहा मजली इमारती. त्या घरांसाठी त्याचा अर्ज वर्षानुवर्षं पडून होता. घरमालकीण त्याच्यावर जिन्यात ओरडायची, त्याच्याच भाषेत. तो ऐकून घ्यायचा नाही, उलट उत्तर द्यायचा. आणि भांडण संपलं की दोघं रवा कसा वाफवावा यावर बोलत उभे राहायचे, कारण त्या अख्ख्या इमारतीत ते कळणारी दुसरी माणसं नव्हती.

हिवाळ्यात एक दिवस मी दोघांनाही विचारलं. वेगवेगळं विचारलं. ती म्हणाली, बोटीवर चढले त्या दिवशी घास उतरला नाही. तो म्हणाला, त्या दिवशी आमच्या वस्तीत नाच होता, आणि मी जेवलो नाही. भावाचं ताट वाढलं होतं. भाऊ आदल्या वर्षी याच शहरात मोर्चाला गेला होता, पोलिसांच्या तावडीतून घरी आलाच नाही.

तर बाई, हे माझं उत्तर. पाणी वस्तीतल्या एका नळाचं. चुलीवर वाफवलेला रवा. त्या दिवशी ती जेवली नाही आणि तोही जेवला नाही. तिचं तिथून जाणं बरोबर होतं, त्याचं पॅरिसात राहणं अजून कोणी बरोबर मानलं नव्हतं, आणि दोघं एकाच जिन्यात होते. देश सुटला हे चांगलंच झालं. यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही, फक्त आता ही दोन माणसं त्याच्या आत उभी आहेत.

तुम्ही गेल्याचं वडिलांच्या पत्रातून कळलं, तीन आठवड्यांनी. घरमालकिणीने काही न विचारता रव्याचं ताट वर आणून ठेवलं आणि ते सकाळपर्यंत तसंच राहिलं. परत आले तेव्हा भोपाळच्या घरी नकाशाची गुंडाळी आलेली होती, वर माझं नाव तुमच्या अक्षरात. अल्जीरिया हिरवाच ठेवला होतात.

नात आत खळ शिजवते आहे. गुठळ्या होणार, वासावरूनच कळतंय, आणि होऊ देत. पाकीट पिवळं पडलंय पण कागद शाबूत आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा नकाशाच्याच गुंडाळीत राहील. फक्त एक सांगायचं उरलं. हे उत्तर मी त्याच हिवाळ्यात लिहून काढलं होतं. तिकीट लावलं होतं, तुमचा कंपूतला पत्ता घातला होता. टाकलं नाही. समोर उभं राहून सांगायचं होतं म्हणून ठेवलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं एवढंच की तुमचं बरोबर होतं हे तुम्हाला कळवणं जिवावर आलं होतं. त्यानंतर तुम्ही सव्वा वर्ष होतात.